जागेअभावी गाळलेली गावं

काकांना कुणी काहीही दाखवलं, तरी त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "कुठल्या मापाला?" भाचीच्या लग्नाची पत्रिका असो, कोलकात्यातल्या बेहाला चौरस्त्यावर नव्याने उघडलेल्या मिठाईच्या दुकानाची पाटी असो, नाहीतर मी हौसेने आणलेल्या पडद्यांचा रंग. पत्रिका ते आधी हात लांब करून धरत, मग नाकापाशी आणत, मग डोळे बारीक करून पुन्हा लांब धरत आणि म्हणत, "यात निम्मी माणसं जास्त झालीत." लग्नात की पत्रिकेत, हे विचारायचं धाडस मी कधी केलं नाही.

मी नाशिकची. सॉफ्टवेअर कंपनीतल्या नोकरीमुळे कोलकात्याला आले. इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत माझ्यापुढे काकू उभ्या होत्या. पाच मिनिटांत त्यांनी माझं आडनाव, माझं गाव आणि माझ्या जेवणाखाण्याचे हाल सगळं काढून घेतलं आणि सांगून टाकलं, "आमच्या शेजारचा फ्लॅट आमचाच आहे, रिकामा आहे. ये राहायला. फक्त आमच्या ह्यांच्याकडे लक्ष देऊ नकोस." मी राहायला गेले आणि पुढची चार वर्षं ह्यांच्याकडेच लक्ष देत राहिले.

काका मूळचे साताऱ्याकडचे. केंद्र सरकारच्या नकाशे काढणाऱ्या एका खात्यात होते. तरुणपणी बदली होऊन इथे आले, परत जायची वेळ आली तेव्हा काही ना काही निघालं आणि राहून गेले. बंगाली फर्डं बोलत, पण साताऱ्याच्या ठसक्यात. भाजीवाला त्यांना 'काकू' अशी हाक मारायचा, कारण बंगालीत काकू म्हणजे काका. मग आमच्या काकू मागून म्हणायच्या, "बघ, इथे माझं नावसुद्धा ह्यांनीच घेतलंय."

नकाशे काढणारा माणूस म्हणजे कागदावर गावं, नद्या, रस्ते भरणारा, अशी माझी समजूत होती. काकांनी ती पहिल्याच आठवड्यात मोडीत काढली. "भरायला शंभर जण असतात गं. माझं काम काढायचं होतं." मोठ्या नकाशात जिल्ह्यातलं प्रत्येक गाव असतं. तोच नकाशा शाळेच्या भिंतीवर मावेल एवढा लहान करायचा म्हटलं, की सगळी नावं बसत नाहीत, एकमेकांवर चढतात. मग कुणीतरी ठरवायचं, कोण राहणार आणि कोण जाणार. त्यासाठी तीन रकान्यांची यादी असायची. गाव, त्याचं पोलीस ठाणं आणि गाळण्याचं कारण. तिसऱ्या रकान्यात बहुतेक वेळा एकच शब्द असायचा, जागेअभावी.

"म्हणजे लहान गावं जायची," मी म्हटलं.

"छे! लहान असून एकटं असेल तर राहतं. आजूबाजूला काही नाही, ठिपका दिला, नाव लिहिलं, झालं. ज्याच्या शेजारच्या गावाचं नाव लांबलचक, ते जातं. ते लांब नाव पसरतं आणि ह्याच्या डोक्यावर बसतं. ह्याचा काही दोष नसतो."

हे सांगताना ते चहाच्या कपाकडे बघत होते. मला तेव्हा ती फक्त एक मजेदार माहिती वाटली होती.

हा गाळण्याचा छंद त्यांनी घरी आणला होता. सॉसची बाटली घरात आली, की ते आधी पाण्यात बुडवून तिचं लेबल काढत. "आत काय आहे ते दिसतंय की." त्यामुळे एकदा मी पोह्यांवर लिंबाचा रस समजून व्हिनेगर ओतलं होतं. भिंतीवर कॅलेंडर नाही, फ्रीजवर चुंबक नाहीत, दारावर फक्त आडनाव. काकूंनी बाजाराची दहा वस्तूंची यादी दिली, तर हे सात घेऊन परत. "तीन कुठायत?" "त्यांच्यावाचून अडत नव्हतं." "मीठ होतं त्यात!" मग मी माझ्याकडचं मीठ नेऊन द्यायचे आणि त्या वादाचा उरलेला भाग ऐकायला तिथेच बसायचे.

दुर्गापूजेच्या दिवसांत सगळं बेहाला मांडव बघायला बाहेर पडते. काका मांडवापर्यंत जायचेच नाहीत. गल्लीच्या तोंडाशी जो रस्ता दाखवणारा भला मोठा फलक लावलेला असतो, त्याच्यासमोर ते कंबरेवर हात ठेवून उभे राहायचे. एका वर्षी त्यांनी खिशातून काळा मार्कर काढून फलकावरची दोन वळणं आणि एका बनियनची जाहिरात खोडली. स्वयंसेवकांनी धरलं. मी आणि काकू धावत गेलो, तर काका आणि ते चार तरुण रस्त्यावर बसून कागदावर नवा नकाशा काढत होते. दुसऱ्या दिवशी तोच नकाशा फलकावर होता आणि आम्हाला घरी खिचडीभोग, म्हणजे देवीच्या प्रसादाची खिचडी आली.

आता माझ्या वेबसाइटची गोष्ट.

नोकरीपेक्षा माझा जीव कॅमेऱ्यात जास्त. तीन वर्षं सुट्टीच्या दिवशी मी हे शहर पालथं घालत होते. एका लहानशा डिझाइन स्टुडिओला फोटोग्राफर हवा होता. त्यांनी विचारलं, तुमच्या कामाची लिंक पाठवा. मी आठ दिवस खपून वेबसाइट केली आणि ती दाखवायला लॅपटॉप घेऊन काकांकडे गेले. खरं सांगायचं, तर मी कौतुक ऐकायला गेले होते.

काकांनी चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली. पडद्यावर एक गोल चक्र फिरायला लागलं.

"हे काय फिरतंय?"

"उघडतंय, काका. जरा थांबा."

"म्हणजे पाहुणा दारात उभा आणि आपण आत अजून कपडे बदलतोय."

मग फोटो सरकायला लागले, मागून सतार वाजायला लागली. काका दचकले. "कुणाकडे लग्न आहे?" सतार बंद केली. त्यांनी प्रत्येक गोष्ट अगदी मनापासून विचारली, टोमणा मारायचा म्हणून नाही. हे आठ कप्पे कशाला? तुझ्यावर लिहिलेला हा निबंध कुणी लिहिला? स्वतःच? आणि प्रत्येक फोटोच्या छातीवर तुझं नाव का गोंदलंय?

"कुणी चोरू नये म्हणून."

"चोरावासा वाटेल असा कुठला आहे, तो दाखव आधी."

मी रडकुंडीला आले. एकूण तीनशे बारा फोटो होते. काका उठून चार पावलं मागे गेले आणि म्हणाले, "एकेक दाखव. माझ्याकडे बघू नकोस, फोटोकडे बघ." त्यांची पद्धत अशी होती. फोटो लांबून बघायचा. लांबून कळला नाही, तर गेला. मग उलटा करून बघायचा. उलटा करूनही डोळा जागच्या जागी जात असेल, तर राहिला. दोन फोटो एकच गोष्ट सांगत असतील, तर त्यातला एकच. "एकाच ठिपक्यावर दोन गावं बसत नाहीत." हावड्याच्या फुलबाजारातले माझे सत्तावीस फोटो होते. त्यातला एक उरला, आणि तोही मला स्वतःला आठवत नसलेला, झेंडूच्या रिकाम्या पोत्यांचा.

संध्याकाळपर्यंत अठरा फोटो उरले. पांढरं पान, वर माझं नाव, खाली फोन नंबर. कप्पे नाहीत, निबंध नाही, सतार नाही. मला ते पान अगदी उघडं-बोडकं वाटलं. पण त्या रात्रभरात मनाची समजूत पटली आणि सकाळी मी तीच लिंक पाठवली. स्टुडिओने मला काम दिलं. त्यांच्या बाईंनी फोनवर सांगितलं, "बाकीच्यांचं बघताना दमलो, तुमचं शेवटपर्यंत बघितलं." मी पेढे घेऊन गेले, तर काकांनी बॉक्सवरचं दुकानाचं नाव काढून बाजूला ठेवलं आणि दोन पेढे खाल्ले.

तिसरा पेढा हातात धरून ते म्हणाले, "मलाही एक असं पान करून देशील?"

"तुम्हाला? कशाचं?"

त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकू आत निघून गेल्या, आणि येताना कपाटातून कापडी पिशवीत बांधलेला एक गठ्ठा आणि एक जुनी वही घेऊन आल्या.

निवृत्तीच्या दिवशी खात्यातल्या लोकांनी काकांना एक नकाशा फ्रेम करून दिला होता. बंगालच्या पश्चिम टोकाला असलेल्या पुरुलियाकडच्या भागाचा तो नकाशा त्यांनी एकट्याने केला होता. बाकीच्या नकाशांत दहा जणांचे हात, या एकाची गाळायची यादी मात्र पूर्णपणे त्यांच्या अक्षरात. एकसष्ट गावं. भेट म्हणून मिळालेला तो नकाशा त्यांनी भिंतीवर लावला. "बाकी सगळ्यांना नकाशा दिसायचा. मला भोकं दिसायची." महिनाभराने तो त्यांनी उतरवला. नंतरच्या थंडीत त्यांनी कॅमेरा घेतला, रेल्वेने गेले, आणि यादीतल्या पहिल्या गावात जाऊन एक फोटो काढून आले. मग दर थंडीत चार-पाच गावं. तेरा वर्षांत एकसष्ट.

गठ्ठ्यात एकसष्ट छापील फोटो होते. एका गावाची विहीर. एका गावाचं ग्रामदेवतेचं मातीच्या घोड्यांचं ठाणं. एका गावात नुसताच वळणावरचा पळस. एकाही फोटोत माणूस नव्हता. ते गावात जात, एक जागा निवडत, एक फोटो काढत आणि परत येत. मी कोण, कशाला आलो, हे त्यांनी कुठल्याही गावात सांगितलं नव्हतं.

"का नाही सांगितलं?"

"काय सांगणार? तुम्हाला खोडणारा मीच, असं?"

ते सहज म्हणाले, पण मला तो आवाज आवडला नाही. त्यांना खरोखर वाटत होतं, की त्यांनी काहीतरी केलं आहे. मी त्यांना फोनवरचा नकाशा काढून दाखवला. बोटांनी मोठा केला, की गावं उगवतात, लहान केला, की जातात. यातली बरीच गावं त्यात होती. काका तासभर तेच करत बसले. मोठा, लहान, मोठा, लहान. मग विचारलं, "हे कोण गाळतं?"

"कुणी नाही. मशीन."

"मग मशीनला रात्री झोप लागत असेल," ते म्हणाले आणि फोन परत दिला.

त्यातच पुण्याहून त्यांच्या मुलीचे फोन येत होते. काकूंचे गुडघे जिने चढू देत नव्हते, मुलीने तिच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर घर बघून ठेवलं होतं. डिसेंबरमधली तिकिटं काढली गेली. काकांची एकच अट होती, जायच्या आधी पान तयार झालं पाहिजे. पुण्याहून पुरुलियाला जाणं या वयात होणार नाही, हे त्यांनाही माहीत होतं.

मी कामाला लागले आणि पहिल्याच दिवशी आमचं भांडण झालं. मी म्हटलं, "काका, एकसष्ट फोटो कुणी बघत नाही. पंधरा निवडू या. लांबून बघू, उलटे करून बघू. एका ठिपक्यावर दोन गावं बसत नाहीत, तुम्हीच म्हणाला होतात."

बोलले आणि काकांचा चेहरा बघितला. त्यांनी फोटोंचा गठ्ठा पिशवीत भरला. उठले, चपला घातल्या आणि शेजारच्या दारात गेले. पुढचे आठ दिवस त्यांनी माझ्याशी एक शब्द काढला नाही. मला फार वाईट वाटत होतं आणि थोडा रागही आला होता. माझे दोनशे चौऱ्याण्णव फोटो ह्यांनी एका दुपारी उडवले तेव्हा चाललं होतं की!

काकू बातम्या आणून द्यायच्या. "पलंगावर फोटो मांडलेत. आठ दिवस गावं पलंगावर आणि मी बाहेरच्या दिवाणावर. एक उचलतात, खिडकीत नेतात, परत आणून ठेवतात."

नवव्या दिवशी काका पाकीट घेऊन आले. "ही तीन काढून टाक. खरंच कमी प्रतीची आहेत." मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझा चहा गाळून व्हायच्या आत बेल वाजली. काका स्वेटर उलटा घालून दारात उभे.

"ती तीन परत दे. कालपासून त्यांचीच नावं तोंडात येतायत."

मला तेव्हा कळलं, आणि उशिरा कळल्याची लाज वाटली. माझं पान हे माझ्या कामाचं दुकान होतं, त्यातून माल काढता येत होता. त्यांच्या पानावरून गाव काढणं म्हणजे तेच काम पुन्हा करणं. साधं ठेवायचं होतं, तर ते दुसऱ्या कुठल्या तरी रीतीने ठेवायला हवं होतं. मग पांढऱ्या पानावर एका वेळी एकच फोटो आणि खाली गावाचं नाव, सगळ्यांना एकाच आकाराचं अक्षर. दोन बाजूंना दोन बारीक बाण. बाकी काही नाही. पहिलं गाव कुठलं, यावर पुन्हा दोन दिवस गेले. अक्षरांच्या क्रमाने लावलं तर म्हणाले, शाळेतही असंच करतात आणि शेवटच्या आडनावाच्या पोरांचा नंबर येईपर्यंत तास संपतो. शेवटी मी अशी सोय केली, की पान जितक्या वेळा उघडेल, तितक्या वेळा वेगळं गाव पुढे येईल. काका दिवसभर पान उघडत आणि मिटत बसले. कुणाचं नाव आलं ते काकूंना ओरडून सांगत होते, आणि काकू स्वयंपाकघरातून "बरं!" म्हणत होत्या.

त्यांचं स्वतःचं नाव त्यांनी घालू दिलं नाही. संपर्काचा पत्ताही नको म्हणाले. तेवढं एक मी ऐकलं नाही. तळाशी, लक्षात येणार नाही असा, माझा ईमेल ठेवला.

शनिवारची गाडी होती. मंगळवारी ईमेल आला. झोरा नावाच्या गावच्या प्राथमिक शाळेतल्या एका तरुण शिक्षकाने इंग्रजी अक्षरांत बंगाली लिहिलं होतं. मी सहकाऱ्याकडून नीट समजून घेतलं. 'गावाचं नाव शोधताना तुमचं पान दिसलं, फार छान आहे. पण झोरा असं लिहिलेल्या फोटोत जे चिंचेचं झाड आहे, ते गोबिंदरामपूरचं. मधे तळं आहे. फोटो काढणाऱ्याने आमच्या काठावर उभं राहून पलीकडचा फोटो काढला आहे. झोरा त्याच्या पाठीमागे आहे. रागावू नका. मुलांना दाखवला तेव्हा ती हसली, म्हणून कळवतो.'

एक क्षण माझ्या मनात आलं, गुपचूप नाव बदलून टाकावं. चार दिवसांत हे पुण्याला जाणार. कशाला त्यांच्या डोक्याला ताप? पण पानावरून मग एक गाव कमी झालं असतं, आणि त्यांनी ते पहिल्या दिवशीच ओळखलं असतं. मी ईमेल वाचून दाखवला.

"पाठीमागे?" काका म्हणाले. "पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचला. त्यांनी वही उघडली. झोरा. कारण, जागेअभावी. गोबिंदरामपूर हे लांबलचक नाव त्यावर आलं होतं. बसच्या कंडक्टरने सांगितलं तिथे ते उतरले होते, तळ्यापाशी एका सायकलवाल्याला विचारलं, त्याने हात केला, आणि त्यांना वाटलं तो तळ्यापलीकडे हात करतोय.

"एकदा त्या गावाच्या नावासाठी गाळलं," ते म्हणाले. "दुसऱ्यांदा त्याच गावाच्या झाडासाठी. आता काय कारण लिहू?"

 मी आजवर त्यांना चिडलेलं, हट्ट करताना, लहान मुलासारखं खूष झालेलं पाहिलं होतं. असं खचलेलं पाहिलं नव्हतं. काकू बांधलेल्या ट्रंकेपाशी गेल्या, दोरी सोडली, आतून त्यांचे बूट काढले आणि समोर ठेवले.

"जाऊन या. नाहीतर पुण्यात रोज सकाळी मला त्या झोऱ्याचं तोंड बघावं लागेल. हिला बरोबर न्या, एकटे गेलात तर पुन्हा पाठ करून उभे राहाल."

मी गुरुवार-शुक्रवारची रजा टाकली. सकाळी हावड्याहून निघालो. गाडीत काका खिडकीबाहेर बघत बंगालीत काहीतरी पुटपुटत होते. विचारलं तर म्हणाले, "काय सांगायचं ते जमवतोय." पुढे बस, बसनंतर बॅटरीवर चालणारी टोटो. शिक्षक फाट्यावर सायकल घेऊन उभा होता. अगदी पोरसवदा, गळ्यात मफलर. काकांनी खाली उतरल्यावर आधी तळं बघितलं, मग पलीकडचं चिंचेचं झाड बघितलं, आणि मग हळूच मागे वळले.

तीसेक घरं असतील. तांबडी माती, सारवलेल्या भिंती, एका खोलीची शाळा. मास्तर कुणालातरी घेऊन आला म्हणून माणसं जमायला लागली. एका आजोबांनी खाट पुढे केली आणि विचारलं, "कोथा थेके?" कुठून आलात? काका बसले नाहीत. गाडीत जमवलेलं सगळं विसरले असावेत, कारण सरळ एका दमात म्हणाले, "मी सरकारी नकाशे काढायचो. तुमचं गाव नकाशात होतं. मी काढून टाकलं. जागा नव्हती. मग फोटो काढायला आलो, तोही चुकीचा काढला. माझी चूक आहे."

 मला वाटलं आता काहीतरी वाईट होणार. आजोबांनी थोडा विचार केला आणि विचारलं, "गाव नकाशातून गेलं त्या वर्षी तळ्यात मासे कमी आले होते का रे?" मागून कुणीतरी म्हणालं, नाही, उलट बरे आले होते. मग हशा पिकला. आजोबा म्हणाले, "तर मग बसा. मुढी खा." काका हसले नाहीत. पण बसले, आणि वाटीतले चुरमुरे शेवटच्या दाण्यापर्यंत खाल्ले.

मग फोटोची वेळ आली. मास्तर म्हणाला शाळेचा काढा, आजोबा म्हणाले विहिरीचा काढा. काका कॅमेरा गळ्यात अडकवून नुसते बघत होते. एका बाईने कडेवरचं मूल सावरत विचारलं, "आणि आमचा?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग तळ्याकडे पाठ केली आणि सगळ्यांना हाताने खुणावलं, उभे राहा.

ओळ लागली. आधी पंधरा माणसं, मग घराघरांतून आणखी यायला लागली. ओळ दोन्ही बाजूंनी वाढत गेली. कुणी शेळी आणली, कुणी आजारी माणसाला खाटेसकट उचलून आणलं. काका चौकटीतून बघत एक पाऊल मागे गेले. मग आणखी एक.

"काका, कडेचे चार-पाच राहिले तर राहू देत," मी म्हटलं. "मधले छान दिसतायत."

ते आणखी मागे सरले. बुटांत पाणी शिरलं.

"काका, तळं!"

"माहीत आहे," ते म्हणाले. "या वेळी कुठे आहे ते माहीत आहे."

गुडघ्यापर्यंत पाणी आलं. समोरची मुलं हसायला लागली, मोठी माणसं ओरडायला लागली, मास्तर चपला काढून त्यांना धरायला पुढे धावला. काकांनी त्याला हातानेच ओळीत परत जायला सांगितलं. कॅमेरा डोळ्याला लावला, बोट बटणावर ठेवलं. तेवढ्यात शाळेमागच्या वाटेवर एक म्हातारी दिसली, काठी टेकत, एक हात वर करून "थामो, थामो" म्हणत येणारी. मास्तर म्हणाला, तिला वेळ लागेल, तुम्ही काढून घ्या. काकांनी कॅमेरा खाली घेतला आणि डिसेंबरच्या त्या गार पाण्यात तसेच उभे राहिले. म्हातारी आली, ओळीच्या अगदी टोकाला उभी राहिली, डोक्यावरचा पदर नीट केला. काकांनी पुन्हा डोळा लावला. ती चौकटीत येत नव्हती. त्यांनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही, आणखी एक पाऊल मागे टाकलं.